बावीस वाफ्यांची माती

सुजात आणि मैत्री,

गेल्या महिन्यात सुजातनं फोन केला. त्याच्या घराजवळच्या सामायिक बागेत त्याला एक वाफा मिळालाय, त्यावर त्यानं पालापाचोळा पसरून ठेवलाय, आणि शेजारच्या वाफ्याच्या बाई म्हणतात की हे ओंगळ दिसतं, काढून टाका. "आजी, काढू का?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, "अजिबात नाही. कोण काय म्हणतं तिकडे लक्ष देऊ नकोस." तो म्हणाला, "पण का?"

त्या 'का'चं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. याच सुमारास इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं की नोकरीतल्या आठवणी लिहा. त्यांना बहुतेक बदल्या, बढत्या आणि निरोपसमारंभ हवे असावेत. ते मी देणार नाही. मी आदिलाबादच्या बागेबद्दल लिहिणार आहे. मराठी वाचायला जड गेलं तर तुमची आई तुम्हाला वाचून दाखवील. मध्येच ती म्हणेल की आजी अशीच हट्टी आहे. ते खरं आहे, ते गाळू नका.

मी समाजसंघटक होते. कचेरीचं नाव लिहीत नाही. त्या वेळची काही माणसं अजून हयात आहेत आणि त्यांच्याशी माझं भांडण संपलेलं नाही. वस्तीत जायचं, बायकांच्या बैठका घ्यायच्या, शिवणयंत्रं, साक्षरतेचे वर्ग, लसीकरण यांच्या याद्या करायच्या, असं ते काम. ऐंशीच्या दशकात, तालुके मोडून मंडळं नवीन झाली त्या काळात, मला शहराच्या कडेची एक वस्ती दिली होती. एका बाजूला कारकून-मास्तरांची कॉलनी, दुसऱ्या बाजूला खेड्यांतून मजुरीला आलेल्यांची घरं, आणि मधे अर्धा एकर सरकारी मोकळी जागा. त्या जागेत एक बुजलेली विहीर, गुडघाभर कचरा आणि कडेला एक कडुनिंब.

पहिल्या बैठकीत मी विचारलं, "तुम्हाला काय शिकायचंय? शिवण? लोणची-पापड?"

मागून एक सावळी, उंच, साठीला टेकलेली बाई म्हणाली, "शिकाचं काय त्यात, बाई? आमाले जागा द्या. शिवन शिकून फाटकंच शिवत बसाचं काय?"

ती कौसाबाई. भीमपूरकडच्या एका गावात तिचा जन्म दुसऱ्यांच्या कापसात, ज्वारीत निंदण-खुरपण करण्यात गेला होता. माझी आईही तेच काम करायची. माझे वडील कारकून झाले, त्यांनी मला नागपूरच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात ठेवलं, म्हणून मी खुर्चीवर होते आणि कौसाबाई सतरंजीवर. आम्ही दोघी 'जयभीम' म्हणणाऱ्या घरांतल्या. आमच्या कितीतरी पिढ्या मातीत वाकल्या आणि त्यातली वीतभरही माती त्यांची नव्हती. त्या दिवशी मी ठरवलं की ही जागा मिळवायची.

मिळाली. कचेरीतले साहेब म्हणाले, "करा, करा, कचरा तरी जाईल." तोंडी म्हणाले. मी, जी घरातल्या डाळीच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या लावते, ती हे वाक्य कागदावर घ्यायला विसरले. विसरले असं म्हणणंही खरं नाही. कागद मागितला तर साहेबांचा विचार बदलेल अशी मला भीती वाटली. ही माझी चूक. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला शहाणी समजू नये.

बावीस वाफे पाडले. बारा वस्तीतल्या बायकांना, दहा कॉलनीतल्या घरांना. विहीर उपसली. तिचं पाणी गोड निघालं.

आता माती. आपली इकडची माती काळी, रेगडी. तेलुगूतही तिला रेगडीच म्हणतात. भिजली की ती लोण्यासारखी होते आणि चपलेला अशी चिकटते की चप्पल तिथं आणि पाय इथं. वाळली की तिला भेगा पडतात, उन्हाळ्यात त्यात मनगट जाईल एवढ्या. ना धड ओली चालते, ना धड कोरडी. ती कुदळीला लागू देते ते या दोन्हींच्या मधल्या थोड्या दिवसांत. त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. हा शब्द मला तेव्हा पुस्तकातून माहीत होता, म्हणजे माहीत नव्हता.

मी वेळापत्रक केलं. बुधवारी पाणी, रविवारी खणणी, महिन्याच्या पहिल्या रविवारी खत. ठळक अक्षरांत लिहून कडुनिंबाला टांगलं. पहिल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी, आदल्या दोन दिवसांची झड नुकतीच थांबलेली असताना, वेळापत्रकाप्रमाणे सगळ्यांना खणायला लावलं. कॉलनीतली मंडळी उत्साहात होती. कौसाबाई उशिरा आली आणि बांधावर उभी राहिली.

"काऊन बाई, वल्या मातीत कुदळ मारून राह्यल्या?"

"आज रविवार आहे ना, कौसाबाई."

"मातीले कोनं सांगतलं आज आयतवार हाय म्हून?"

मी तिला समजावून सांगितलं की शिस्त नसली तर सामायिक काम टिकत नाही. तिनं आपल्या वाफ्याला हात लावला नाही. आठ दिवसांनी ऊन पडलं आणि आम्ही खणलेल्या वाफ्यांत विटा तयार झाल्या. खरोखरच्या विटा. ढेकूळ फोडायला हातोडी आणावी लागली. ओली रेगडी कुदळीनं दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि मग मूळ आत शिरत नाही. एका सकाळच्या खणण्यानं आख्खा हंगाम गेला. कौसाबाईच्या वाफ्यात मात्र चवळी फुलली.

मी तिच्याकडे गेले. शिकवा म्हटलं.

तिनं मूठभर माती उचलली, दाबली आणि कंबरेच्या उंचीवरून सोडली. मातीचा गोळा खाली पडून तसाच बसला. "आज घरी जा," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. गोळा पडला आणि फुटून भुगा झाला. "आता मारा कुदळ." बस. एवढंच होतं ते. मी वेळापत्रक उतरवलं. पुढं बारा वर्षं बागेची वेळ कौसाबाईच्या मुठीनं ठरली, आणि माझ्या कचेरीतल्या अहवालात 'कामाचे वार' या रकान्यात मी दर वेळी 'मातीनुसार' असं लिहिलं. साहेबांनी दोनदा लाल शाईनं खूण केली. मी दोनदा पुन्हा तेच लिहिलं.

खताच्या खड्ड्यावरून वेगळंच झालं. एकच मोठा खड्डा, सगळ्या घरांचं शेण, भाजीची देठं, पालापाचोळा त्यात. कॉलनीतल्या गंगूताई, महाराष्ट्राच्या सरहद्दीकडच्या शेतकरी घराण्यातल्या, मोठ्या नीटनेटक्या बाई, खड्ड्याशी येऊन थबकल्या. "यात सगळ्यांच्या घरचं उष्टं-खरकटं येते काय?"

"येते ना," कौसाबाई म्हणाली. "तुमचं बी येते."

"मंग आमी हात नाई लावनार. आमच्या वाफ्याले वेगळा खड्डा करा."

मी काही नियम सांगणार तेवढ्यात कौसाबाई म्हणाली, "करा वेगळा. पन गांडुळं कोनाच्या घरची सोडाची त्यात ते सांगून द्या, ताई. आमचे गांडुळ तुमच्या खड्ड्यात येतीन नाई तं."

बायका हसल्या. गंगूताई हसल्या नाहीत. त्यांनी वेगळा खड्डा केला. छोट्या खड्ड्याला ऊब धरत नाही, तो दोन महिन्यांनी तसाच होता, नुसता वास. त्या पावसाळ्यात त्यांनी कुणाला न सांगता मोठ्या खड्ड्यातून चार टोपल्या नेल्या. कौसाबाईनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. मी तेव्हा चिडले होते. मला त्यांच्याकडून कबुली हवी होती. कौसाबाई म्हणाली, "बोलून काय करता, बाई? वांगं खाईन तवा समजन तिले."

आता पाणी, आणि इथून पुढचं नीट वाचा.

विहीर मार्चपर्यंत पुरायची. पुढं तळाला जायची. मग रस्त्याच्या कडेला सरकारी बोअर झाली, हातपंपाची. पाणी भरपूर, पण खारं. त्यात डाळ शिजायची नाही आणि चहाला कसलीतरी तुरट चव यायची. राजय्या मास्तर म्हणून निवृत्त पोस्टमास्तर होते, तेलुगू घरचे, सायकलला दोन डबे बांधून रोज बोअरचं पाणी आणायचे. त्यांच्या पत्नीला अंबाडीच्या भाजीशिवाय जेवण जायचं नाही, म्हणून भर उन्हाळ्यात त्यांच्या एकट्याच्या वाफ्यात अंबाडी हिरवीगार. बाकीच्या बायका हळहळत बघायच्या. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांच्या वाफ्यावर पांढरी साय आली. मी बोटानं उचलून जिभेला लावली. मीठ. ऊन पाणी उडवून नेतं आणि क्षार मागं ठेवतं. रेगडीत तो क्षार मुरला की माती मेणासारखी होते, पाणीही पीत नाही. तो वाफा ताळ्यावर यायला तीन पावसाळे गेले. तेव्हा मास्तरांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "अम्मा, माझी चुकी झाली. बोअरचा नीळ्ळु, बोअरचं पानी, नको."

म्हणून आम्ही नियम केला. होळीनंतर पेरायचं नाही. माती झाकून ठेवायची. तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, पळसाची पानं, उडदाचं भुसकट, जे मिळेल ते हातभर जाड पसरायचं आणि मृगापर्यंत तिला निजू द्यायचं. वरून बघणाऱ्याला ते उकिरड्यासारखं दिसतं. आत हात घाला तर माती गार असते, काळी, ओलसर, आणि गांडुळं खाली गेलेली असतात पण मेलेली नसतात. पावसाळ्यात पाणी पळू नये म्हणून उताराला आडवे चर काढले, गवंड्याच्या पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी धरली. दर वर्षी माती एकेक बोट वाढली. बारा वर्षांत ती कोपरापर्यंत खोल झाली. मी तुम्हाला खोटं सांगत नाही, मी कोपर घालून मोजलंय.

मग नव्वदच्या दशकात, एका एप्रिलच्या शेवटी, पत्र आलं. जागा सरकारी, तिथं गोदाम करण्याचा प्रस्ताव. महसुलाचे गिरदावर, म्हणजे जमिनी तपासणारे अधिकारी, मे महिन्याच्या मध्यात येऊन पाहणी करतील. जागा वापरात आढळली तर गोदामासाठी दुसरी जागा शोधली जाईल; पडीक आढळली तर ताबा घेतला जाईल.

मे महिन्यात. जेव्हा आमची जागा पडीक दिसते तेव्हा. आणि ती तशी दिसते, कारण आम्ही तिची काळजी घेतो.

मी अर्ज केला, पाहणी श्रावणात करा. उत्तर आलं, शक्य नाही. तोंडी परवानगीचा उल्लेख केला. साहेब बदलून गेले होते, नवीन साहेबांनी विचारलं, "कागद?"

कडुनिंबाखाली बैठक झाली. सगळे बावीस आले. राजय्या मास्तर उभे राहिले.

"म्याडम, वीस दिवस हाय. बोअर हाय. सगळे मिळून पानी मारू. मेथी, कोथमीर, चवळाई पंधरा दिवसांत येते. गिरदावरला हिरवं पायजे, हिरवं दाखवू. मंग झाकून टाकू."

"मास्तर, तुमच्या वाफ्याचं काय झालं होतं ते आठवा," मी म्हटलं. "तीन वर्षं गेली. बावीस वाफ्यांना हे पाणी दिलं तर जागा राहील आणि माती जाईल."

"जागाच नाई राह्यली तं माती कुठं ठेवशीन, अम्मा? डोक्यावर?"

गंगूताई म्हणाल्या, "मास्तर बरोबर बोलून राह्यले. एका वर्साचं नुकसान सोसू."

"एका वर्षाचं नाही," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी पुन्हा कुणी बघायला येईल. मग पुन्हा हिरवं करायचं?"

सगळे कौसाबाईकडे बघू लागले. ती बराच वेळ काडीनं जमिनीवर रेघा ओढत होती. मग म्हणाली, "माह्या जलमात पयल्यांदा अशी माती झाली, जे मी केली. दुसऱ्यानं नाई. वीस दिवसाच्या मेथीसाठी मी तिले मिठात नाई घालनार. ज्याले घालाचं त्यानं आपल्या वाफ्यात घाला. बोअर काई माह्या बापाची नाई."

ती उठली. बैठक संपली. मत घेण्याची माझी पद्धत होती, हात वर करून, मोजून. त्या दिवशी मी मोजलं नाही. मोजलं असतं तर बहुधा मास्तर जिंकले असते, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

चौघांनी पाणी घातलं. मास्तर, गंगूताई आणि आणखी दोघे. पाहणीच्या दिवशी चार हिरवे चौकोन आणि अठरा पाचोळ्याचे ढीग अशी बाग होती.

गिरदावर सकाळी दहाला आले. पन्नाशीचे, सभ्य, छत्री घेतलेले. जुन्या आदिलाबादी हिंदीत बोलायचे. "मॅडम, इधर तो कुछ भी नै दिखरा. ये चार टुकडे छोडके."

"दिसत नाही, कारण ते झाकलेलं आहे," मी म्हटलं. कौसाबाईनं तिच्या वाफ्यावरच्या तुराट्या बाजूला केल्या. मेच्या त्या उन्हात, जेव्हा रस्त्यापलीकडच्या जमिनीत वीतवीत भेगा होत्या, तिथं काळी ओलसर माती निघाली, रव्याच्या लाडवासारखी भुसभुशीत. गिरदावरांनी छत्री मिटली, उकिडवे बसले, हात घातला. मनगट गेलं, मग अर्धा हात गेला.

"मेरे वालिद के खेत में ऐसी मट्टी थी," ते म्हणाले. "बहोत अच्छी है. मगर मेरे कागज में अच्छी मट्टी का खाना नै है, मॅडम. फसल का खाना है. फसल किधर है?"

"फसल पावसात येईल. दर वर्षी येते. ही तिची तयारी आहे."

"तैयारी का भी खाना नै है."

"मग असा रकाना नसलेला तुमचा कागद चुकीचा आहे," मी म्हटलं.

"होगा," ते म्हणाले, "मगर मैं कागज का नौकर हूं." आणि त्यांनी 'पडीक' लिहिलं. चार हिरवे चौकोन अर्ध्या एकरात मोजण्यात आले नाहीत. जाताना त्यांनी कौसाबाईच्या वाफ्यावर तुराट्या परत नीट पसरून ठेवल्या. मला त्या माणसाचा राग धरता आला नाही. राग धरायला दुसरे पुष्कळ होते.

मास्तर म्हणाले, "मी म्हणलो होतो." दुसऱ्या दिवशीही म्हणाले. आठवडाभर रोज म्हणाले. ते बरोबर होते का? असतीलही. बावीस वाफे हिरवे असते तर गिरदावरांना 'वापरात' लिहावं लागलं असतं. हा हिशेब मी हजार वेळा केला आहे.

ताब्याची तारीख आठ जून ठरली. मृगाच्या तोंडावर. कौसाबाई माझ्या घरी आली, ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "जागा त्याहिची हाय. माती त्याहिची नाई."

"म्हणजे?"

"नेऊ."

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मागं उताराची, मुरमाड जागा होती. विहार समितीच्या नावावर, कागदासकट. या वेळी मी आधी कागद पाहिला, मगच होय म्हटलं. मुरमात काही उगवत नाही, पण पाणी निचरतं, आणि रेगडीला निचरा मिळाला तर ती सोनं होते. दगडांच्या पायऱ्या रचून त्यात माती भरायची. पाऊस पडायच्या आत, कारण भिजलेली रेगडी ना चाकाला जाऊ देते ना टोपलीला, आणि ओली हाताळली तर पुन्हा विटाच. आमच्याकडे नऊ दिवस होते.

कौसाबाईच्या पुतण्यानं भीमपूरकडून दोन बैलगाड्या आणल्या. ते दिवस शेतात शेणखत वाहण्याचे, गाड्या कुणी देत नाही. त्यानं पाच दिवस दिल्या. बाकी टोपल्यांनी. वाफ्यावरचं झाकण काढायचं, माती थराथरानं उचलायची, वरचा थर वर आणि खालचा खाली राहील अशी वेगळी न्यायची, आणि तिकडे भरली की लगेच झाकायची. मास्तर आले. त्यांच्या वाफ्यावर पांढरी साय पुन्हा आली होती. कौसाबाईनं खुरप्यानं चार बोटं थर खरवडून बाजूला टाकला, खालची माती चाखून पाहिली आणि म्हणाली, "चालते. भरा." मास्तरांनी मान खाली घालून टोपली भरली. मग स्वतःची झाल्यावरही ते थांबले आणि दुसऱ्यांची माती वाहत राहिले. सायकलच्या दोन डब्यांतून.

चौथ्या दिवशी मोटारसायकलवरून एक ठेकेदाराचा माणूस आणि एक तरुण कारकून आले. कारकुनानं गाडी अडवली.

"ही सरकारी जमीन आहे. माती उचलायला परवाना लागतो. परवाना कुठं आहे?"

बायका थांबल्या. मी पदर खोचला, पुढं झाले आणि पाहणीची नक्कल, जी मी पाहणीनंतर तिसऱ्याच दिवशी काढून आणली होती, त्याच्या हातात दिली. आणि मुद्दाम इंग्रजीत बोलले. एरवी वस्तीत मी इंग्रजी बोलत नसे, पण माझ्या वडिलांनी ती भाषा मला अशाच एखाद्या दिवसासाठी शिकवली असावी. मी म्हटलं, "वाचा. या जागेत पीक नाही, लागवड नाही, असं तुमचंच खातं म्हणतं. मग आम्ही नेतोय ते काय आहे? आमच्या बावीस घरांतलं शेण, साली आणि पाचोळा. आमच्या घरचा कचरा आम्ही उचलून नेतोय. तुम्हाला परवाना हवा असेल तर आधी लिहून द्या की इथं पीकजमीन होती. मग आम्ही माती ठेवतो आणि बागही ठेवतो."

तो कागद उलटून पाहू लागला, जणू मागच्या बाजूला उत्तर असेल.

कौसाबाईला इंग्रजी येत नव्हती, पण तिला नेमकं कळलं होतं. ती टोपली डोक्यावर घेतच म्हणाली, "काऊन रे बाबू, पडीक जमिनीत चोराले काय असते? बाजूले सर, बैल तान्हेले हायेत."

तो सरला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "ले जाने दो, अपने कू तो मुरूमच डालना है." गाडी चालू झाली.

सात जूनला शेवटची टोपली गेली. जुन्या जागेवर आम्ही अर्धा एकर खरोखरची पडीक जमीन सोडली. पाहणीतली नोंद त्या दिवशी पहिल्यांदा खरी झाली. विहीर मात्र नेता आली नाही. ती त्यांनी पुन्हा बुजवली. तिच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं, मातीहून जास्त. गोड पाण्याची विहीर बुजवणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही.

सगळे विहारामागं आले नाहीत. बावीसांपैकी चौदा आले. गंगूताई त्यांच्या वाफ्याची माती पोत्यांत भरून स्वतःच्या अंगणात घेऊन गेल्या. "विहारात येनं घरच्याइले जमनार नाई, बाई," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. त्यांना मी तेव्हा दोष दिला. आजही देते, पूर्वीपेक्षा थोडा कमी. राजय्या मास्तर आले. विहाराच्या पायरीशी चप्पल काढून आत जाऊन नमस्कार केला, मग मागं येऊन विचारलं, "अंबाडी कुठं लावू, अम्मा?"

मला कचेरीतून खुलासा मागवण्यात आला: शासकीय कर्मचारी असून शासकीय जमिनीवरील माती हलवण्यास प्रोत्साहन दिले. मी चार ओळींत उत्तर दिलं की होय, दिलं. ते पत्र माझ्या सेवापुस्तकात लागलं आणि माझी एक बढती गेली. तुमच्या आजोबांनी विचारलं, "थोडं मऊ लिहिता आलं नसतं?" आलं असतं.

सुजात, तू 'का' विचारलंस. झाकलेली माती बघणाऱ्याला मेलेली वाटते, आणि ज्याच्या हातात कागद असतो तो सहसा वरूनच बघतो. त्याच्यासाठी माती उघडी करू नकोस. मी जागा घालवली. तीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा घालवीन. फक्त परवानगी लेखी घेईन.

कौसाबाई जाऊन बरीच वर्षं झाली, मास्तरही गेले. विहारामागं चौदा वाफे आहेत. विहाराच्या छपराचं पाणी एका टाकीत उतरतं आणि उन्हाळ्यात वाफ्यांवर तुराट्या असतात. कौसाबाईची सून मूठभर माती सोडून वाफसा बघते. गेल्या मे महिन्यात मी काठी टेकत गेले आणि एका वाफ्यात हात घातला. माती कोपरापर्यंत आहे, आणि तिच्यात मीठ नाही.